मोजणीची मजुरी कोणी द्यावी?

मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात संगीत सभा भरते. मोठमोठे कलावंत तिथे हजेरी लावून जातात ती सेवा म्हणून. बिदागीची भाषा तिथे कोणी करीत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री आम्ही गाणे ऐकत बसलो होतो. शेजारी येऊन बसलेल्या तरुणाने सलाम केला तेव्हा ओळख पटली. आमच्या हाताखाली शिकून गेलेला मुलगा. शाळेच्या स्नेहसंमेलनात पेटी वाजवायचा. आता मुंबईत राहून मालिकांना शीर्षकसंगीत आणि पार्श्वसंगीत देतो. एका गायकाचे गाणे संपून दुसऱ्याची जुळवाजुळव चालली होती, तेवढ्यात चहा घ्यायला बाहेर पडलो आणि त्याने आपली कैफियत मांडली.

एका मालिकेसाठी त्याने चाळीस सेकंदांची एक धून बांधली होती. मालिका दीड वर्ष चालून बंद पडली, पण धून काही बंद पडली नाही. त्याच वाहिनीवर पाककृतींच्या कार्यक्रमात ती वाजली. पुरस्कार सोहळ्यात बक्षीस घेणारा माणूस मंचावर चढेपर्यंत ती वाजली. पुढच्या मालिकेच्या जाहिरातीतही वाजली. घरची माणसे ऐकून त्याला सांगत. मानधन गोळा करणाऱ्या संस्थेकडून वर्षाचा हिशेब आला तेव्हा त्यात यातले निम्मेही नव्हते. चौकशी केली तर उत्तर मिळाले, वाहिनीकडून नोंद आलेली नाही. नोंद नाही तर रक्कमही नाही. मग कोणीतरी त्याला एका परदेशी कंपनीची माहिती दिली. ही कंपनी शेकडो वाहिन्यांना रात्रंदिवस कान लावून बसते आणि तुमची धून कुठे, कधी, किती सेकंद वाजली याची यादी तुम्हाला देते. त्यासाठी वर्गणी भरावी लागते. ती त्याच्या दोन महिन्यांच्या घरभाड्याइतकी होती.

"सर, माझे कुणाकडे किती येणे आहे हे कळण्यासाठीसुद्धा मीच पैसे मोजायचे?" त्याने विचारले.

त्या रात्री आम्हाला उत्तर देता आले नाही. ‘बघू, विचार करू’ असे काहीतरी बोलून आम्ही परत गाण्याला जाऊन बसलो. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच बाजूला ठेवतो. आमच्या वाचकांपैकी काही जण म्हणतील, गाण्याबजावण्याचा पैसा तो, त्याचा एवढा काटेकोर हिशेब कशाला? समाचा वाद फार जुना आहे. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे आणि ज्यांना त्यात शिरायचे आहे त्यांनी अवश्य शिरावे. आमचे म्हणणे एवढेच की ज्याने ती धून मागून घेतली, वापरली, तिच्या आधारे जाहिराती विकल्या, त्याला देणे द्यायच्या वेळी एकाएकी परहेजगार होता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मोहम्मद रफींसारख्या सज्जन माणसाने केलेला होता. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टीत वाटा मिळावा अशी मागणी केली, तेव्हा रफींचे मत वेगळे पडले. गाणे गायले, ठरलेला मोबदला मिळाला, व्यवहार पूर्ण झाला. त्यानंतर गाणे चालो वा पडो, आपला त्यावर हक्क कसला, असे त्यांना वाटत असे. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणी गायली नाहीत. रफींच्या म्हणण्यात कनाअत आहे, समाधानी वृत्ती आहे, आणि तिच्याबद्दल आम्हाला आदरच वाटतो. पण कनाअत हा ज्याचा त्याने स्वतःपुरता जपायचा गुण आहे. ‘तुझ्या अंगी कनाअत असावी’ असे देणेकऱ्याने येणेकऱ्याला सांगू लागणे ही निराळीच गोष्ट झाली.

शिवाय आपल्याकडे कायद्याने हा मुद्दा आता निकालात काढला आहे, उशिरा का होईना. १९५७ चा कॉपीराइट कायदा झाला, १९६९ मध्ये मुंबईत गीतकार-संगीतकारांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडलेल्या टिपणात कलावंतांच्या बाबतीत कायदा तोकडा पडतो याकडे संसदेचे लक्ष वेधले. संसदेचे लक्ष जायला ३५ वर्षे लागली. २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर तिच्या बाजूने बोलले. त्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर वापराच्या रॉयल्टीतला आपला समान वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देता येत नाही, अगदी त्याने करारावर तशी सही केली तरीही. २८ एप्रिल २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एफएम केंद्रांच्या प्रकरणात अंतरिम आदेश देताना हाच हक्क उचलून धरला.

म्हणजे देणे आहे, हे ठरले. किती आहे, हे कोण ठरवणार?

आजवरची पद्धत अशी. दूरदर्शन मालिकेच्या प्रत्येक भागाबरोबर एक तक्ता तयार व्हायला हवा. त्याला क्यू-शीट म्हणतात. कोणती धून, किती सेकंद, शीर्षकाला की संवादामागे, संगीतकार कोण, प्रकाशक कोण, हे सगळे त्यात लिहायचे. तो लिहितो निर्मात्याच्या कचेरीतला एखादा सहायक, जो आधीच चार माणसांचे काम करतो आहे. त्याच्या हातून सेकंद गळतात, नावे गळतात. आपल्या लोकांच्या बाबतीत तर नावांचा घोळ विचारूच नका. शेख हे एकच आडनाव रोमन लिपीत किती प्रकारे लिहिले जाते हे ज्याने पासपोर्ट काढला आहे त्याला ठाऊक आहे. एका तक्त्यात एक स्पेलिंग, दुसऱ्यात दुसरे, तिसऱ्यात आडनावाची नुसती आद्याक्षरे. जगभरच्या संस्था प्रत्येक संगीतकाराला एक आयपीआय क्रमांक देतात तो याचसाठी, की नाव चुकले तरी माणूस चुकू नये. पण क्रमांकही कोणीतरी लिहावा लागतो. आमच्या विद्यार्थ्याच्या हिशेबातली काही तूट अशाच एखाद्या शेखच्या खात्यात पडली असेल. त्या बिचाऱ्यालाही ती कुठून आली हे कळले नसेल.

रेडिओच्या बाबतीत अमेरिकेत अनेक वर्षे नमुना पद्धत चालली. सगळ्या केंद्रांचे सगळे तास कोण ऐकणार? म्हणून काही केंद्रांचे काही तास तपासायचे आणि त्यावरून सगळ्याचा अंदाज बांधायचा. भाताचे एक शीत चाचपावे तसे. पण शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एकाच हंडीतला असतो म्हणून. लोकप्रिय गाणे हजार वेळा वाजते, ते नमुन्यात सापडतेच. ज्याची धून आडवेळी एखाद्या प्रादेशिक वाहिनीवर सात वेळा वाजली, तो नमुन्यात सापडला तर नशीब.

मग यंत्र आले. ध्वनीच्या आलेखातील ठळक शिखरे निवडून, त्यांच्यामधील अंतरांवरून त्या ध्वनिमुद्रणाचा एक ठसा तयार करायचा, जसा अंगठ्याचा ठसा. लंडनमध्ये २००२ साली सुरू झालेल्या शाझामने हे तंत्र सामान्य माणसाच्या हाती दिले. हेच तंत्र वाहिन्यांवर लावून संगीतकारांना यादी विकणाऱ्या कंपन्याही निघाल्या. न्यूयॉर्कमध्ये २००९ च्या सुमारास सुरू झालेली ट्यूनसॅट ही त्यातली नावाजलेली. तिच्या संस्थापकांपैकी स्कॉट श्रीर हे स्वतः संगीतकार. अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर फुटबॉलच्या सामन्यांना वाजणारी प्रसिद्ध धून त्यांची. म्हणजे ही कल्पना कुणा सावकाराच्या डोक्यातून आलेली नाही, ज्याला आपल्या धुना मोजल्या जात नाहीत याची चीड होती अशा माणसाच्या डोक्यातून आलेली आहे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहोत त्यात अशा कंपन्यांवर दोष ठेवण्याचा हेतू नाही.

यंत्रालाही मर्यादा आहेतच. ते ध्वनिमुद्रण ओळखते, रचना ओळखत नाही. तीच चाल दुसऱ्या गायकाने मैफलीत गायली तर ठसा जुळत नाही. संवादाखाली दबलेली धून कधी सापडते, कधी सुटते. एकच मुद्रण दोन संग्रहांनी दोन नावांनी विकले असेल, तर ते वाजले हे यंत्र सांगेल, कोणाच्या खात्यावर वाजले हे सांगणार नाही. आणि यादी हाती आली म्हणजे पैसे हाती आले असेही नाही. तिच्या आधारे भांडून तक्ता दुरुस्त करून घ्यावा लागतो. पण या अडचणी तंत्राच्या आहेत आणि तंत्र सुधारत जाते. आमचा प्रश्न तंत्र निर्दोष झाले तरी उरतोच.

त्याचे खरे स्वरूप कळण्यासाठी पैसा येतो कसा हे बघितले पाहिजे. वाहिनी प्रत्येक धुनेचे वेगळे पैसे देत नाही. ती संस्थेला ठोक रक्कम देते आणि संस्थेच्या संग्रहातले हवे ते वाजवते. म्हणजे देगीतला पुलाव आधीच शिजलेला आहे, मोजणीने फक्त वाढप ठरते. समजा देगीत १०० रुपये आहेत आणि दहा जणांच्या धुना सारख्याच वाजल्या. मोजणीत सापडले पाच. प्रत्येकाला २० रुपये गेले, बाकीचे पाच उपाशी. आता उपाशी राहिलेल्यांपैकी एकाने वर्गणी भरून पुरावा आणला. वाटेकरी सहा झाले, प्रत्येकाला १६ रुपये आणि वर काही पैसे. त्याला न्याय मिळाला हे खरे. पण वाहिनीने एक पैसा जास्त दिला का? नाही. त्याच्या ताटात पडले ते शेजाऱ्याच्या ताटातून आले, आणि वर्गणी भरायची ऐपत नसलेले चौघे होते तिथेच राहिले. उद्या दहाही जणांनी वर्गणी भरली तर प्रत्येकाला त्याचे १० रुपये मिळतील, त्यातून वर्गणी वजा. मोजणी अचूक झाली, सगळ्यांना बरोबर वाटा मिळाला आणि देगीतले काही पळी मोजणारा घेऊन गेला. ज्याच्या निष्काळजीपणाने हा सगळा खटाटोप करावा लागला, त्या वाहिनीच्या खिशाला धक्का लागला नाही.

हे गणित मांडल्यावर आम्ही स्वतःच जरा चपापलो. तोपर्यंत आम्हाला वाटत होते की प्रश्न संगीतकार आणि वाहिनी यांच्यातला आहे. तो संगीतकार आणि संगीतकार यांच्यातलाही आहे. पैसे भरील त्याचेच मोजले जाईल, अशी रीत पडली की गरिबाचा वाटा ऐपतवाल्याकडे सरकतो आणि कोणी चोरीही केलेली नसते.

देगीचे हे उदाहरण सगळीकडे लागू नाही, हेही नोंदवतो. परवानाच न घेता एखाद्याने धून जाहिरातीत वापरली आणि यंत्राने ते पकडले, तर तिथे नवा पैसा येतो. तो कुणा शेजाऱ्याचा नसतो. तिथे संगीतकाराने पदरमोड करणे समजू शकते, वकिलाची फी भरावी तसे. मात्र ती पदरमोडही शेवटी वापरणाऱ्याकडूनच वसूल व्हायला हवी.

आता मूळ नैतिक प्रश्न. आपल्या फुकहांनी याच्याशी मिळताजुळता प्रश्न हजार वर्षांपूर्वी सोडवून ठेवला आहे, हे आम्हाला एका मौलाना मित्राने दाखवून दिले. बाजारात धान्य विकले गेले. मापाड्याची मजुरी कोणी द्यायची? मदरशांत आजही शिकवल्या जाणाऱ्या कुदूरींच्या ग्रंथात उत्तर आहे. धान्य मापणाऱ्याची मजुरी विकणाऱ्यावर, आणि किमतीचे नाणे तोलणाऱ्याची मजुरी विकत घेणाऱ्यावर. कुदूरी हनफी, पण कोकणातल्या आमच्या वाचकांनी नाराज होऊ नये, शाफई ग्रंथांतही मूळ नियम हाच आहे. यामागचे कारण साधे आहे. ज्याने जी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, ती मापून देणे हा देण्याचाच भाग. विकणाऱ्याने धान्य द्यायचे, त्याने ते मापावे. घेणाऱ्याने पैसे द्यायचे, त्याने ते तोलावे.

हे ऐकून आम्ही खूश झालो, पण मौलाना हसले. म्हणाले, "थांबा. तुमचा संगीतकार तर विकणारा आहे. धून हा त्याचा माल. मग माल मापण्याची मजुरी त्याच्यावरच नाही का येत?"

पेच खराच होता. त्यावर बराच वेळ बोलणे झाले. शेवटी आम्हा दोघांना पटले ते असे. धान्य मापले जाते ते ताबा देताना, विकणाऱ्याच्या खळ्यात किंवा दुकानात. धुनेचा ताबा तर संगीतकाराने केव्हाच देऊन टाकला. त्यानंतर ती किती वेळा वाजायची हे वाहिनीच्या घरात, वाहिनीच्या मर्जीने ठरते. संगीतकार तिथे हजरही नसतो. वाजण्याच्या संख्येवरून ठरते ती किंमत. तेव्हा ही मोजणी मालाची नव्हे, किमतीची आहे, आणि किमतीचे तोलणे ज्याने ती द्यायची त्याच्यावर. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवायची आज्ञा आहे, त्या दीर्घ आयतीतही लेखनिकाला मजकूर सांगण्याची जबाबदारी देणेकऱ्यावर टाकलेली आहे, येणेकऱ्यावर नाही. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला तोशीस पडू नये हेही तिथेच बजावले आहे. आणि आपल्या मराठीचेच बघा. ‘पैसे मोजणे’ म्हणजे आपल्याकडे देणे. मोजणारा तोच, जो देणारा. आमच्या विद्यार्थ्याने नकळत नेमका तोच शब्द वापरला होता आणि त्याच्या तोंडी तो उलटा झाला होता.

आपला कायदाही या बाबतीत फुकहांपासून फार दूर नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१-ड मध्ये वैधानिक परवान्यावर संगीत वाजवणाऱ्या प्रसारकाने नोंदवह्या ठेवाव्यात, मालकांना हिशेब द्यावा आणि त्यांना वह्या तपासू द्याव्यात असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे लिहायचे कोणी, हे कायद्याने ठरवले आहे. मात्र लिहिले ते खरे की नाही हे पाहायला यंत्र कोणी लावायचे, हे त्यात नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

वाहिन्या म्हणतात, इतके बारकाईने मोजणे परवडत नाही. हे मात्र आम्हाला मुळीच पटत नाही. याच वाहिन्या जाहिरातीचा दर दहा सेकंदांवर आकारतात. जाहिरात दहाऐवजी आठ सेकंद गेली तर जाहिरातदार पैसे देईल का? मोजणीचे दुसरे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. कोणता कार्यक्रम किती लोक पाहतात हे मोजण्यासाठी बार्क ही संस्था आहे. २०१५ पासून तिचे आकडे येऊ लागले. ती वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था यांनी मिळून उभी केलेली आहे, आणि तिच्यात ६० टक्के भाग वाहिन्यांच्या संघटनेचा ठेवलेला होता. तिची पद्धत अशी की वाहिनी आपल्या ध्वनीतच कानाला न कळणारी एक खूण मिसळते आणि निवडक घरांत बसवलेले यंत्र ती खूण ओळखते. म्हणजे ध्वनीत खूण मिसळणे, ती ओळखणे, मोजणे, सगळे येते आणि परवडतेही. ज्या आकड्यावर घ्यायचे आहे तो आकडा परवडतो. ज्यावर द्यायचे आहे तो परवडत नाही. घेताना माप भरून घेणारे आणि देताना कमी देणारे यांच्याविषयी कुरआनात जी सूरह आहे, ती आमच्या वाचकांना वेगळी सांगायला नको.

बाजार समितीत माल घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला हे सारे परिचयाचे वाटेल. त्याच्या पट्टीतून हमाली कापली जाते, तोलाई कापली जाते. कांदा त्याचा, काटा दुसऱ्याचा आणि काट्याचे भाडे पुन्हा त्याचेच. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ठरवले तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. ‘पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे’ हे त्यांचे मुख्य म्हणणे. रीत होती हे खरेच. दुर्बळाने मोजणीचा खर्च सोसायचा ही रीत प्रत्येक बाजारात आपोआप पडते. ती पाडायला कट करावा लागत नाही.

मग संगीतकारांनी काहीच खर्च करू नये का? तसे आमचे म्हणणे नाही. पॅरिसची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८४७ मध्ये गीतकार एर्नेस्त बूर्जे एका कॅफेत साखरपाणी प्यायला बसला असता तिथे त्याचीच रचना सादर होत होती. त्याने बिल द्यायला नकार दिला. तुम्ही माझ्या गाण्याचे पैसे देत नाही, मी तुमच्या पाण्याचे देत नाही! प्रकरण कोर्टात गेले, तो जिंकला. पण जिंकल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला. पॅरिसमधल्या प्रत्येक कॅफेत जाऊन कोण बसणार? एकट्याचे ते काम नव्हते. म्हणून १८५१ मध्ये गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांनी मिळून सासेम ही संस्था काढली. तिच्यापासूनच पुढच्या सगळ्या संस्थांनी धडा घेतला. पाळत ठेवण्याचा खर्च जमलेल्या सगळ्या रकमेतून वजा व्हायचा, मग उरलेली रक्कम वाटायची. यात संगीतकार खर्च सोसतो, पण सगळे मिळून, आपापल्या वाट्याच्या प्रमाणात सोसतात. ज्याला जास्त मिळते त्याचे जास्त जाते. ज्याला काहीच मिळाले नाही त्याच्याकडे वर्गणीची पावती येत नाही. लाभ ज्याचा, भार त्याचा, या आपल्या फिकहच्या सूत्रातही हे बसते. लाभ वाहिनीलाही होतो, म्हणून तिनेही भार उचलायचा, एवढीच त्यात भर घालावी लागेल.

तेव्हा आमचा कौल असा. यंत्र लावावे ते वाहिनीने किंवा संस्थेने, आणि सगळ्यांसाठी लावावे. लहानसे सामुदायिक रेडिओ केंद्र असेल तर त्याच्यावर हा बोजा टाकू नये. तिथे येणे थोडे आणि मोजणीचाच खर्च मोठा, असे व्हायचे. अशा ठिकाणी नमुना पुरे, आणि त्यातली चूक सगळ्यांनी मिळून सोसावी.

यावर आमचा विद्यार्थी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की तुमचा कौल होईल तेव्हा होईल, मी आज काय करू? उंट आधी बांधावा, मग तवक्कल करावा, अशी शिकवण आपल्याला आहेच. त्याने वर्गणी भरून आपली धून राखली तर त्यात गैर काही नाही. हक्काचे राखणे जायज आहे. फक्त जायज आणि वाजिब यांत फरक आहे. त्याने भरणे चालेल. त्याने भरलेच पाहिजे आणि भरले नाही तर त्याचे बुडाले तर बुडाले, हे चालणार नाही. प्रकाशनाच्या आणि संगीताच्या करारांत एक कलम बरेचदा असते. लेखकाने स्वतःच्या खर्चाने हिशेब तपासून घ्यावा. पण ठरलेल्या टक्क्यांहून जास्त तफावत निघाली, तर तपासणीचा खर्चही प्रकाशकाने द्यावा. तफावत नसेल तर खर्च लेखकाचा. यात शंकेखोराला लगाम आहे आणि निष्काळजी देणेकऱ्यालाही. संस्था आणि वाहिन्या यांच्या करारात असे कलम असते, तर आमच्या विद्यार्थ्याला दोन महिन्यांचे भाडे उचलून जुगार खेळल्यासारखे वाटले नसते. (आमच्या स्वतःच्या पुस्तकांच्या करारात हे कलम आहे की नाही, हे आम्ही आजवर पाहिलेले नाही. हा लेख लिहून झाल्यावर पाहू.)

गेल्या उन्हाळ्यात मुंबईला गेलो तेव्हा त्याच्या घरी जाणे झाले. त्याने वर्गणी भरलेली नाही. त्याची अम्मी दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसलेली होती. आम्ही सलाम केला तर तिने हातानेच थांबायची खूण केली, टीव्हीकडे बघितले, घड्याळाकडे बघितले आणि मांडीवरच्या दोनशे पानी वहीत काहीतरी लिहिले. मग म्हणाली, "माफ करा सर, आत्ता वाजलं होतं."

वही आम्ही पाहिली. तारीख, वेळ, वाहिनी, कार्यक्रम. सेकंदांच्या रकान्यात ‘थोडंच’ किंवा ‘पूर्ण’. अक्षर उर्दू शाळेत शिकलेल्या बाईचे, मराठी जरा उजवीकडे झुकलेले. तीन वह्या भरल्या होत्या, ही चौथी. या वह्या कुठे चालतात का, असे आम्ही त्याला हळूच विचारले. त्याने मान हलवली. संस्थेकडे एकदा नेल्या होत्या, त्यांनी आदराने चहा पाजला. पण वाहिनीचा तक्ता असल्याशिवाय त्यांनाही काही करता येत नव्हते.

"खाला, रोज बसता?" आम्ही विचारले.

"रोज. सहापासून. फक्त मगरिबला उठते," ती म्हणाली. "तेव्हाचं लिहिलेलं नाही."

आम्ही पाने चाळली. प्रत्येक दिवसाच्या नोंदींत संध्याकाळच्या त्या वेळेला एक ओळ कोरी सोडलेली होती.